डाऊन सिंड्रोम आणि एडीएचडी: आठ वर्षांच्या मुलाच्या आईला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या एका आईचा मुलगा ८ वर्षांचा आहे आणि त्याला डाऊन सिंड्रोम आहे (एका जादा गुणसूत्रामुळे जन्मतःच असणारी स्थिती, तीत वाढ आणि समज संथ असते). जन्मतः हृदयाला छिद्र होतं, त्याचं ऑपरेशन लहानपणीच झालं. मुलगा हसरा, माणसांत रमणारा, पण एका जागी टिकत नाही. जेवताना सारखा उठतो, शाळेत बाकाखाली जाऊन बसतो, आणि सकाळी कचरागाडीचं गाणं कानावर पडलं की गेट उघडून रस्त्यावर पळतो. "एडीएचडी (म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा) दिसतोय, गोळ्या सुरू करा," असं शाळेने कळवलंय. सासूबाईंच्या मते तो लाडाने बिघडलाय. स्पीच थेरपीत सांगितलं की घरात मराठी बंद करा, फक्त हिंदी बोला. वडील पीथमपूरला नोकरीला, शिफ्टमुळे घरी कमी. डिसेंबरात दिराचं लग्न आहे आणि मुलाला तिथे न्यायचं की नाही यावरून घरात दोन तट पडलेत.

ताई, शाळेला आलेली शंका अगदीच निराधार नाही. एडीएचडी इतर मुलांत शंभरात साधारण पाच जणांना असतो. डाऊन असलेल्या मुलांत हे प्रमाण बरंच जास्त आहे. मी विकासात्मक बालरोगतज्ज्ञ म्हणून इंदुरात बरीच वर्षं अशी मुलं पाहते आहे आणि मला दोन टोकं नेहमी दिसतात. काही घरांत मुलाने काहीही केलं तरी "डाऊन आहे, असंच चालायचं" म्हणून सोडून देतात. काही ठिकाणी चुळबूळ दिसली की लगेच एडीएचडीचा शिक्का बसतो. दोन्हीकडे मुलाला नीट तपासायचं राहून जातं. तुमच्या मुलाला गोळी लागेलही कदाचित, पण तिचा नंबर बराच मागचा आहे.

सगळ्यात आधी झोप. डाऊनमध्ये चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो, जीभ त्या मानाने मोठी आणि घशाचे स्नायू ढिले, त्यामुळे झोपेत श्वासाची वाट पुन्हा पुन्हा बंद पडते. निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलांत हा त्रास सापडतो. झोप मोडलेला मोठा माणूस दिवसभर पेंगतो. लहान मूल सैरभैर होतं, उड्या मारतं, रडकं होतं, हातातलं काम अर्धवट टाकतं. ही सगळी लक्षणं एडीएचडीच्या यादीत जशीच्या तशी बसतात. आयांना विचारलं की उत्तर येतं, "छान झोपतो हो, घोरतो इतका गाढ." घोरणाऱ्या मुलाची झोप गाढ आहे असं समजू नका. आज रात्री तो झोपल्यावर दोनेक तासांनी आणि पुन्हा पहाटे, छाती आणि तोंड दिसेल असं दोन-दोन मिनिटांचं शूटिंग मोबाईलवर करा. श्वास थांबून मग दचकल्यासारखा सुरू होतो का, मान मागे टाकून किंवा मांडी घालून पुढे वाकून झोपतो का, उशी घामाने भिजते का, ते बघा. ते घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास नोंदवणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की डाऊन असलेल्या प्रत्येक मुलाची ही तपासणी वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत व्हावी, मूल घोरत असो वा नसो, कारण आईवडिलांच्या अंदाजावर इथे विसंबता येत नाही. टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढल्यावर बऱ्याच मुलांना आराम पडतो, पण डाऊनमध्ये ऑपरेशननंतरही थोडा त्रास उरू शकतो, म्हणून काही महिन्यांनी स्टडी पुन्हा करावी लागते. हे पटकन होणारं काम नाही, खर्चाचंही आहे, तरी मी ते गोळीच्या आधी करायला लावते.

मग कान. "कचरागाडी गल्लीच्या टोकाला असते तेव्हाच त्याला ऐकू येते, कान तिखट आहेत," असं तुम्ही लिहिलंय. भोंग्यावरचं गाणं ऐकू येणं वेगळं आणि वर्गात चार बाकांवरून बोलणाऱ्या बाईंचं वाक्य ऐकू येणं वेगळं. डाऊनमध्ये कानाची नळी अरुंद असते आणि पडद्यामागे चिकट पाणी साचतं. त्यामुळे मोठे आवाज पोचतात, पण स, श, फ, थ असे हलके आवाज गळतात. त्यातून सर्दी झाली की आणखी कमी ऐकू येतं, आठवड्याने पुन्हा बरं. घरच्यांना वाटतं, काल बरोबर ऐकत होता, आज मुद्दाम करतोय. ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते) आणि टिम्पॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का ते), दोन्ही दर वर्षी करा. कानात मळ असेल तर आधी तो काढून घ्या, नाहीतर तपासणी फुकट जाते.

डोळ्यांची एक गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. डाऊन असलेल्या बहुसंख्य मुलांच्या डोळ्यांना जवळचं बघताना फोकस नीट जमत नाही, लांबचा चष्मा लावलेला असला तरी. फळ्यावरचं दिसतं, वहीतलं धूसर. असं मूल वही समोर आली की उठून पळणारच. डोळ्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "याचं जवळचं बघणं तपासलंत का, बायफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दिसणारा चष्मा, लागेल का?" लहान मुलाला बायफोकल म्हटलं की लोक हसतात. हसू द्या.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्त तपासणी, दर वर्षी. थायरॉइड कमी पडलं तर मूल मंदावतं, जास्त झालं तर अस्वस्थ आणि चिडचिडं होतं. डाऊनमध्ये दोन्ही दिसतात, पहिलं जास्त. सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या. लोह कमी असलेली मुलं रात्री पाय झाडतात आणि दिवसा चुळबुळतात. बद्धकोष्ठही विचारात घ्या, पोट जड असलेलं मूल खुर्चीवर बसायला नाखूश असतं. डाऊनमध्ये शंभरात पाचेक मुलांना सिलिॲक आजार असतो, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही, आणि आपल्या माळव्यात तर तिन्ही त्रिकाळ गहू. त्याची साधी रक्त तपासणी असते. ती होण्याआधी गहू बंद करू नका, तपासणी खोटी येते. (आजार निघाला तर मग पोहे चालतील, जिलेबी नाही, आणि डब्यातला हिंगही बघून घ्यावा लागेल कारण त्यात बहुधा मैदा असतो.)

एक गोष्ट मात्र थांबायला वेळ देत नाही. चांगला चालणारा मुलगा अचानक अडखळायला लागला, जिने टाळायला लागला, मान वाकडी धरायला लागला, किंवा सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, तर तो हट्ट समजू नका. डाऊनमध्ये मानेचे वरचे दोन मणके ढिले असू शकतात आणि मज्जारज्जूवर दाब येतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कोलांटउड्या आणि ट्रॅम्पोलीन एरवीही नकोच. कुठलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्यांना हे आधी सांगा.

हे सगळं बघून झालं, जे सापडलं त्यावर उपचार झाले, आणि चंचलपणा तसाच आहे, तर एडीएचडीचा विचार. इथे एक चूक सर्रास होते. निदानासाठी शाळेला जे फॉर्म भरायला देतात त्यांतली तुलना त्याच वयाच्या इतर मुलांशी असते. तुमचा मुलगा ८ वर्षांचा आहे, पण त्याची समज आणि भाषा चार वर्षांच्या मुलाएवढी असेल, तर त्याचं बसणंही चार वर्षांच्या मुलाएवढंच असणार. चार वर्षांचं मूल किती वेळ बसतं? थोडीच मिनिटं, आवडीचं असलं तर जरा जास्त. त्यामुळे आधी मानसोपचार विभागात किंवा पुनर्वसन मानसतज्ज्ञांकडून त्याची विकासाची पातळी मोजून घ्या आणि त्या पातळीच्या मानाने चंचलपणा जास्त आहे का ते ठरवा. लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत, आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत. फक्त शाळेतच बाकाखाली जात असेल आणि मामाकडे, घरी, बागेत ठीक असेल, तर आधी वर्गात काय चाललंय ते बघायला हवं. बाकाखाली जाणं हे पुष्कळदा काम टाळायचं साधन असतं. डाऊन असलेली मुलं माणसं ओळखण्यात हुशार असतात. गणिताची वही निघाली की ती गोड हसतात, बाईंचा पदर धरतात, पेन्सिल पाडतात, आणि काम टळतं. एडीएचडीत आवडीच्या खेळातही मूल मध्येच भरकटू शकतं, पण आवडीच्या गोष्टीत रमलं म्हणून एडीएचडी नाहीच असंही नाही. आणखी एक, काही मुलांमध्ये डाऊनसोबत स्वमग्नता (ऑटिझम) असते. तुमचा मुलगा माणसांत रमतो म्हणता, त्यामुळे ती शक्यता कमी, तरी निदान करणाऱ्यांनी ती तपासलेली असावी.

सासूबाईंचं म्हणणं मी झिडकारणार नाही. लाडाने एडीएचडी होत नाही, हे त्यांना सांगा. पण घरात एकाने नाही म्हटलेलं दुसऱ्याने हो केलं की कुठलंही मूल ते हेरतं, आणि या मुलांना एखादी गोष्ट करून सगळे हसले की ती शंभर वेळा करावीशी वाटते. ताट ढकललं, पाहुणे हसले, झालं, पुढचे सहा महिने ताटं उडणार. आजींना शिस्तीचं भाषण देऊ नका, एक काम द्या: त्याने चांगलं केलं की सगळ्यात मोठ्याने आजींनी म्हणायचं, आणि काय केलं ते नाव घेऊन म्हणायचं. "शहाणा माझा" यातून त्याला काही कळत नाही. "वाटी नीट ठेवलीस!" यातून कळतं. हे त्याच क्षणी व्हायला हवं. महिनाअखेरीला सायकल मिळेल, या आमिषाचा या वयात आणि या समजेत काही उपयोग नाही.

बसण्याबद्दल. तुमच्या डायनिंग टेबलाशी तो बसला की त्याचे पाय लोंबकळतात का? डाऊनमध्ये स्नायू ढिले असतात. पायाला आधार नसला की धड सरळ ठेवायलाच सगळी ताकद जाते, आणि मूल घसरतं, वाकतं, शेवटी उठतं. पायाखाली पाट किंवा लाकडी खोकं ठेवा, असं की गुडघे काटकोनात येतील आणि तळवे पूर्ण टेकतील. पाठीमागे घट्ट उशी. शाळेच्या बाकालाही हेच हवं, सुतार दोन तासांत करून देतो. जेवणात वाढप थोडं आणि उठण्याचं कारणच त्याच्या हाती द्या: तीन घास, मग मीठ आणायला तो उठणार, पुन्हा तीन घास, मग आजोबांना पाणी. उठायचंच आहे त्याला, तर उठणं आपल्या वेळापत्रकात बसवा. जेवणाआधी थोडं जोराचं काम असेल तर आणखी बरं: कणीक मळणं, पाण्याची बादली ओढत आणणं, गाद्या घडी करणं. अशा कामानंतर ही मुलं जास्त स्थिर बसतात, हे तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता.

आता बोलणं, कारण घरातली निम्मी भांडणं तिथून सुरू होतात. डाऊनमध्ये कानाने ऐकलेलं थोड्या वेळासाठी मनात धरून ठेवणं फार कच्चं असतं. डोळ्याने पाहिलेलं त्या मानाने चांगलं टिकतं. बोलण्यापेक्षा समजणं जास्त असतं. सकाळी शाळेची तयारी घ्या. "चल पटकन, व्हॅन येईल, पायमोजे घाल, बूट कुठे टाकलेस, अरे उलट्या पायात घातलास, दप्तर!" यातला शेवटचा शब्द फक्त त्याच्यापाशी उरतो आणि तो दप्तर घेऊन अनवाणी निघतो. मग आपण म्हणतो, लक्षच नाही.

याऐवजी असं करा. दाराजवळ बुटकी खुर्ची. तिच्यासमोर पुठ्ठ्यावर त्याच्याच दोन पावलांची रेघ काढून चिकटवा आणि बूट त्या रेघांवर ठेवा, म्हणजे डावं-उजवं बोलून सांगावं लागणार नाही. बूट पट्टीचे, नाडीचे नकोत. पायमोजा तुम्ही टाचेपर्यंत चढवा आणि शेवटचं वर ओढणं त्याच्यावर सोडा. "ओढ" एवढंच म्हणा. मग गप्प. मनात दहापर्यंत आकडे म्हणा, तोवर हात लावायचा नाही, दुसरा शब्द काढायचा नाही. या मुलांना ऐकलेल्याचा अर्थ लावायला वेळ लागतो आणि आपण पाचव्या सेकंदाला दुसरी सूचना देऊन पहिली पुसून टाकतो. त्याने ओढला की लगेच, "पायमोजा ओढलास!" शेवटची पायरी पक्की झाली की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे सरकवा. शेवटपासून शिकवलं की प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचं समाधान त्याच्या वाट्याला येतं. भिंतीवर त्याचेच फोटो क्रमाने लावा: पायमोजे, बूट, दप्तर, व्हॅन. बाजारातल्या चित्रांपेक्षा त्याच्या स्वतःच्या बुटांचा फोटो जास्त कामाचा. आणि "आधी हे, मग ते" अशी दोनच खणांची एक पाटी: आधी दात, मग झोका. तिसरा खण नको.

मराठी बंद करू नका. डाऊन असलेली, दोन भाषांत वाढणारी मुलं तपासली तेव्हा ती त्याच पातळीच्या एकभाषिक मुलांपेक्षा मागे आढळली नाहीत. दुसरी भाषा ओझं होते ही समजूत आहे, आणि तिच्यापायी मूल आजी-आजोबांशी बोलायचं बंद होतं. शिवाय आपल्या इंदुरी घरांत नेमकी कोणती भाषा बंद करणार? "बेटा, जल्दी कर ना रे, उशीर होतोय" यातलं काय काढायचं आणि काय ठेवायचं? थेरपीत हिंदी चालू दे, घरी मराठी. रोजच्या गरजेचे वीसेक शब्द लिहून थेरपिस्टना द्या, म्हणजे एकाच वस्तूवर दोन्हीकडे एकाच आठवड्यात मेहनत होईल. हाताच्या खुणा बिनधास्त वापरा, त्यांनी बोलणं मागे पडत नाही, उलट हवं ते सांगता न आल्याने होणारी आदळआपट कमी होते. आणि वाचायला आत्ताच लावा. आजी, दूध, गाडी, झोका असे अख्खे शब्द ठळक देवनागरीत कार्डावर लिहून. मुळाक्षरं पाठ होईपर्यंत थांबू नका. पुष्कळ मुलांत छापलेला शब्द डोळ्यांनी पक्का होतो आणि त्यामागून तोंडात येतो.

पळण्याबद्दल तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंय, मला काळजी सगळ्यात जास्त त्याची आहे. गेटला आजच बाहेरच्या बाजूने, त्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर दुसरी कडी लावा आणि गेट हललं की वाजेल अशी घंटा. शेजारच्या चार घरांना आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्याचा फोटो दाखवून सांगून ठेवा की हा एकटा दिसला तर थांबवा आणि फोन करा. लाज वाटू देऊ नका, लोक मदत करतात. मनगटात फोन नंबर कोरलेलं कडं घाला, कारण घाबरला की त्याला नाव सांगता येणार नाही.

मग कारण. तुमचा मुलगा कधीही पळत नाही, गाणं वाजलं की पळतो. म्हणजे वेळ ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, आणि त्याला काय हवंय तेही ठाऊक आहे. मग गाडीचं काम त्याच्याकडेच द्या. गाणं ऐकू आलं की तो सुक्या कचऱ्याचा डबा उचलणार, तुम्ही ओल्याचा. डबा दोन्ही हातांनी धरायचा मोठा असावा, हात अडकले की धावणं आपोआप कमी होतं. गेटपाशी जमिनीवर रंगाने जाड पट्टा ओढा, त्यावर पाय ठेवून थांबायचं, तुम्ही "चल" म्हटल्यावरच पुढे. गाडीवरचे कर्मचारी रोज तेच असतील तर त्यांना सांगा की त्याच्या हातून डबा घ्यायचा आणि पट्ट्यावर थांबला असेल तरच. पहिले काही दिवस तो पट्टा ओलांडेल, तेव्हा शांतपणे परत आणायचं. त्याच्यामागे सगळ्यांनी ओरडत धावणं हा त्याच्यासाठी दिवसातला सर्वात भारी खेळ असतो; धरायला एकानेच जायचं, न हसता, न रागावता. "थांब" शिकवायचं ते रस्त्यावर नव्हे, अंगणात: गाणं लावा, नाचा, गाणं बंद, "थांब", सगळे पुतळे. रोज, घरातल्या सगळ्यांनी मिळून. रस्त्यावर चालताना मनगट धरा, पण झटका देऊन ओढू नका, सांधे ढिले असतात.

गोळीकडे येऊ. निदान पक्कं झालं, घरी आणि शाळेत वरचे बदल दोन-तीन महिने मनापासून करून पाहिले, आणि तरीही मुलाचं शिकणं किंवा सुरक्षितता अडत असेल, तर औषध जरूर घ्या. "डाऊनच्या मुलाला कशाला मेंदूच्या गोळ्या" हे म्हणणंही मला मान्य नाही. ज्या मुलाला एडीएचडी आहे त्याला उपचाराचा हक्क आहे, डाऊन असो वा नसो. पहिलं औषध बहुधा मिथाइलफेनिडेट असतं. ते नाडी आणि रक्तदाब थोडा वाढवतं, म्हणून तुमच्या बाबतीत हृदयाच्या डॉक्टरांकडून ताजा ईसीजी, इको आणि लेखी संमती घेतल्याशिवाय सुरू करायचं नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत याचा गुण कमी जणांना येतो: एरवी शंभरात सत्तरेक मुलांना, इथे चाळीसेक. म्हणून अगदी कमी डोसने सुरुवात आणि सावकाश वाढ. भूक मरते, झोप लांबते, काही मुलं रडवेली किंवा एकदम गप्प होतात. मूल खुळ्यासारखं एका कोपऱ्यात बसून राहत असेल तर शाळा खूश होईल, तुम्ही होऊ नका. डोस जास्त झालाय. दर भेटीत उंची, वजन, नाडी, रक्तदाब नोंदवून घ्या. या औषधाची एक सोय अशी की साध्या गोळीचा असर चारेक तासच टिकतो, म्हणून गुण आहे की नाही ते लवकर कळतं. ते प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही आणि दुकानदार चिठ्ठीची प्रत ठेवून घेतो, तो नियम आहे, घाबरू नका. हे जमलं नाही तर ॲटोमॉक्सेटीन, त्याला गुण दाखवायला काही आठवडे लागतात. किंवा क्लोनिडीन, ज्याने झोप येते आणि जे एकदम बंद करायचं नसतं, रक्तदाब उसळतो. बुद्धी वाढवणारी सिरपं, जीवनसत्त्वांचे भारी डोस आणि स्टेम सेलच्या नावाने लाखांचं पॅकेज, यांतल्या कशाचाही डाऊनमध्ये उपयोग सिद्ध झालेला नाही. ते पैसे पायाखालच्या खोक्यापासून स्लीप स्टडीपर्यंत कितीतरी कामांना पुरतील.

कागदपत्रं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत एडीएचडी नाही. प्रमाणपत्र बौद्धिक अक्षमतेचं मिळतं. ते ४० टक्के किंवा अधिक असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत नाव घाला, वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. विशेष शिक्षक किंवा थेरपिस्ट नेमताना त्यांचा भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खुशाल विचारा, चांगले लोक रागावत नाहीत. पुढे दहावीचा ताण नको असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) रस्ता आहे, पण त्याची घाई आत्ता नाही.

वडिलांच्या शिफ्टबद्दल: रोजचा एकच अर्धा तास त्यांच्या नावावर करा, आंघोळ किंवा संध्याकाळची फेरी, आणि त्या वेळात तुम्ही घरात थांबून सूचना देऊ नका. सुट्टीच्या दिवशी तुम्हाला एक पूर्ण दुपार सलग झोप मिळाली पाहिजे, हे मी औषधासारखं लिहून देते.

लग्नाला न्या. काकाच्या लग्नात पुतण्या नाही, असं का व्हावं? पण तयारीने न्या. आठवडाभर आधी कार्यालयात एक चक्कर मारा, रिकामं असताना. स्टेज, पंगतीची जागा, संडास यांचे फोटो काढून त्याच्या भिंतीवर क्रमाने लावा. कपडे घरी दोनदा घालून बघा, जरीचं टोचत असेल तर आत सुती बनियन. घरून खाऊन न्या. मंगलाष्टकांच्या वेळी त्याला अक्षता वाटण्याचं काम द्या, हातात परडी, सोबत एक मोठा भाऊ किंवा बहीण. गर्दीत "सगळ्यांचं लक्ष असेल" म्हणजे कोणाचंच नसतं. म्हणून तासातासाने एकेकाचं नाव लिहून पाळी ठरवा, आत्या, मामा, वडील, आणि पाळी बदलताना त्याचा हात पुढच्याच्या हातात द्यायचा. एक खोली त्याच्यासाठी मोकळी ठेवा, तिथे त्याची चादर आणि आवडीचं खेळणं. बँड आणि फटाक्यांसाठी कानावर घालायचे मफ मिळतात, ते घरी सवय करून मगच वापरा. वरातीत नको, रस्ता आणि गर्दी दोन्ही एकदम सांभाळता येणार नाही. त्या वेळी त्याला आजोबांसोबत कार्यालयात पुढे पाठवा आणि जेवण झालं की तो खुशीत असतानाच घरी न्या, रडण्याची वाट बघू नका.